खाच कुणी कोरली

मे महिना आमच्या घरी सगळ्यांत आधी फाटकाच्या कडीला येतो. सकाळी दूध घ्यायला जाताना कडी नुसती कोमट असते; न्याहारी आटोपून बाहेर पडावं तर बोटांना चटका बसतो. मग तो गच्चीवरच्या टाकीत उतरतो, नळाला येतो, आणि दुपारी कूलरच्या ओल्या वाळ्यातून गाळून खोलीत शिरतो. बाहेर आकाश निळं राहत नाही, पिवळट होतं. दाराखालून बारीक रेती आत येते आणि फरशीवर आपलीच पावलं उमटलेली दिसतात. जयपूरचे लोक या दिवसांना कंटाळतात. मी कधी कंटाळलो नाही. बदली होऊन इथे आलो तेव्हापासून मला हा ऋतू आवडायचा.

'आवडायचा' असं लिहिलं खरं. गेली काही वर्षं तो आला की वाळ्याच्या गारव्याखाली मला दुसराच वास येतो. नुकत्याच कोरलेल्या प्लायचा कोरडा वास, आणि त्याला चिकटून दोन ट्यूब कालवून केलेल्या गोंदाचा, नाकात झोंबणारा. खोलीत तसं काहीच नसतं. मी उठून खिडकी उघडतो, झळ आत येते, खिडकी लावतो. वास जात नाही.

तो एका उन्हाळ्याचा वास आहे. नव्या शतकाची पहिलीच वर्षं होती. त्या उन्हाळ्यात आमच्या मागच्या खोलीत मोटारींच्या शर्यतीचा एक छोटा ट्रॅक तयार झाला. तो मी केला, असं जयपुरातली आमच्या ओळखीची सगळी मराठी मंडळी मानत आली. तो मी केला नाही. माझ्या बायकोने, मंदाने केला. एवढंसं वाक्य, पण ते कागदावर उतरवायला मला फार उशीर झाला. आता उतरलंच आहे, तर मागचंपुढचंही लिहून टाकतो.

कल्पना माझी होती; तेवढं माझ्याकडे राहू द्या. आमच्या मराठी मंडळाचं दर उन्हाळ्यात मुलांचं शिबिर असतं. बँकेत, विम्यात, केंद्र सरकारच्या कचेऱ्यांत बदलून आलेल्या घरांची ही मुलं. घरी मराठी ऐकतात आणि उत्तर हिंदीत देतात. श्लोक आणि गोष्टी झाल्या की त्यांच्या जांभया सुरू होतात. मी तेव्हा विमा कंपनीतून नुकताच निवृत्त झालो होतो, वेळ भरपूर होता आणि कुणीतरी आपल्याला विचारावं अशी इच्छाही. बैठकीत मी जाहीर करून टाकलं की यंदा मुलांसाठी शर्यतीचा ट्रॅक करू, आणि त्यावर गाडी आपली आपण वळेल.

"आपली आपण? म्हणजे रिमोटवर?" दिघेसाहेबांनी विचारलं. दिघेसाहेब तेव्हा मंडळाचे अध्यक्ष होते, बँकेतले मोठे अधिकारी.

मी समजावून सांगितलं. फळीत बारीक खाच पाडायची. खाचेत लोखंडी तार चिकटवायची. वरून लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, भरून, घासून, रंग द्यायचा, की तार दिसेनाशी होते. गाडीच्या पुढच्या चाकांमध्ये, जमिनीला लागेल न लागेल असं एक चुंबक. तार वळली की चुंबक वळतं आणि चुंबकाबरोबर चाकं. शेजारी शेजारी दोन तारा, दोन गाड्या, झाली शर्यत.

"बर्वे, कराच तुम्ही," दिघेसाहेब टेबलावर थाप मारून म्हणाले. "तुमचा हातच आहे तसा!"

मंडळाचा पंखा मी एकदा चालू करून दिला होता. तेवढ्यावर हे प्रमाणपत्र होतं.

सीकर रोडला, विश्वकर्मा भागातल्या एका कारखान्यातून मी प्लायच्या फळ्या आणल्या. येताना तारेचं भेंडोळंही घेतलं. तांब्याची तार, अशी झगझगीत की बघत राहावं. घरी आल्यावर मी ते थाटात टेबलावर ठेवलं. मंदा गवार निवडत होती. तिने फ्रिजच्या दारावरचं चुंबक काढलं, भेंडोळ्याला टेकवलं आणि सोडलं. ते टपकन गवारीत पडलं.

"अहो, चुंबक तांब्याला कधीपासून चिकटायला लागलं?"

"मला माहीत आहे."

"मग आणली कशाला?"

"दुकानात चांगली दिसली."

"साडी आणायला गेला होतात का?"

आजही ते आठवलं की मला हसू येतं, आणि हसू आल्यावर पाठोपाठ जे येतं त्यामुळे ते थांबतं.

मी लोखंडी तार आणली आणि कामाला बसलो. सुताराकडची पटाशी घेतली होती, तिचं पातं रुंद. माझा हात घाईचा. प्लायचे पदर असतात हे मला पुस्तकी ठाऊक होतं. पटाशी रोवली की पदर धाग्यांसारखे उपटून यायचे आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना खपल्या निघायच्या. सरळ भाग कसाबसा जमे. वळणावर खाच रुंद व्हायची, खोल व्हायची, मध्येच उथळ. त्यात तार ठेवली की सैल दोरीसारखी लोळायची. मी लांबी भरून चुका बुजवत होतो आणि जेवताना मंदाला सांगत होतो, की काम छान चाललंय.

मंदा जयपूरजवळच्या बगरू गावी जायची. हातछपाईचं कापड आणून ती कुर्ते, चादरी शिवायची, ओळखीच्या बायका घेऊन जायच्या. कापड घ्यायला गेलेली ही बाई रमायची मात्र छपाईचे लाकडी ठसे कोरणाऱ्यांच्या ओट्यावर. ठशातलं पान, त्या पानातली शीर, शिरेच्या कडेचा ठिपका, हे सगळं ती परत आल्यावर मला सांगायची आणि मी पेपर वाचता वाचता हूं म्हणायचो. एकदा तिने तिथून एक पटाशी विकत आणली होती, पेन्सिलीएवढी. तिने ती शिवणाच्या डब्यात ठेवली. कशाला हवी, असं मी विचारलं होतं. तिने सांगितलं, "असू दे."

एका दुपारी मी झोपून उठलो तर मागच्या खोलीतून बारीक आवाज येत होता. उंदीर काहीतरी कुरतडतोय असा, पण एका लयीत. मी जाऊन दारात उभा राहिलो. मंदा जमिनीवर मांडी घालून बसली होती, फळी मांडीवर टेकवलेली. फळीला तिने खडूचा पांढरा हात दिला होता आणि माझी पेन्सिलीची रेघ त्यावर सुईने ओढून घेतली होती. रेघेच्या दोन्ही अंगांनी कटरने चिरा दिल्या होत्या. आता ती दोन चिरांच्या मधलं लाकूड तेवढं उचलत होती. हातोडी नव्हतीच. पटाशी तळहाताने ढकलायची आणि डाव्या हाताचा अंगठा पात्यापुढे धरायचा, ब्रेकसारखा. लाकडाची साल वळून वळून बाहेर येत होती आणि तिच्या मांडीवर साठत होती. मागे राहिलेली खाच अशी होती की कुणी ओल्या मातीत काडी ओढावी.

"बघत काय राहिलात? फळी धरा," ती मान वर न करता म्हणाली.

मी फळी धरली. त्या उन्हाळ्यातलं माझं खरं काम तेवढंच. ते मी नीट केलं, हेही लिहून ठेवतो.

खाच झाली, मग तार. इथे माझी अक्कल पुन्हा आडवी आली. ट्रॅक गोल, तर तारही अखंड हवी, दोन टोकं घट्ट भिडवलेली, असा माझा हट्ट.

"थोडी फट ठेवा," मंदा म्हणाली.

"फटीवर गाडी तार सोडेल."

"वेग असतो ना तिला. नखाएवढ्या फटीने काय होतंय?"

"मंदा, मी यावर विचार केलाय."

"आणि मी भुसावळला वाढलेय. वडील रुळांच्या कामावर होते. उन्हाळ्यात रूळ किती वाढतो, फट नसली तर काय होतं, हे आम्हाला कोशिंबिरीसारखं रोज पानात वाढलं जायचं."

मी फट ठेवली नाही. पहाटेच्या गारव्यात, शांतपणे, अखंड तार चिकटवली. दुपारी आम्ही जेवत होतो तेव्हा मागच्या खोलीतून 'टण्ण' असा आवाज आला. जाऊन पाहिलं, तर मोठ्या वळणावर तार खाचेतून उठून बसली होती, कुणी हाक मारल्यावर माणूस अंथरुणात उठून बसतो तशी. फळी उन्हाने सुकून आक्रसली होती आणि तार तापून लांबली होती. मंदाने ताट झाकून ठेवलं, सगळी तार उपटली आणि खाचेतला गोंद खरवडायला बसली.

मग तिने तिच्या पद्धतीने केलं. पहाटे चिकटवायचं नाही. भर दुपारी, तार लांबायची तेवढी लांबलेली असताना चिकटवायचं. उन्हात गोंद पटकन धरतो, म्हणून एकदम कालवायचा नाही, वीतभर तारेपुरताच. आणि तार वळणावर दाबून धरायला तिने एक गोष्ट केली, जी मी कुठेही पाहिली नव्हती. बगरूच्या उरलेल्या चिंध्यांच्या, निळ्या आणि मंजिष्ठेच्या लाल, बोटभर जाडीच्या लांब पिशव्या शिवल्या. गच्चीवर वादळाने आणून टाकलेली रेती चाळून त्यांत भरली. तार बसवली की हा वाळूचा साप तिच्यावर वळणावळणाने ठेवून द्यायचा. तो खाचेबरोबर वळायचा आणि सगळीकडून सारखा दाबायचा.

त्या दुपारी माझ्या आठवणीत अजून जशाच्या तशा आहेत. कूलर बंद, कारण त्याच्या वाऱ्याने रेती उडून गोंदात बसते. बांगड्या काढून दाराच्या कडीला अडकवलेल्या. मंदाच्या कपाळावरून घाम ओघळतोय आणि तो फळीवर पडू नये म्हणून ती दंडाने पुसतेय. बाहेर लू वाहतेय, शेजारच्या गच्चीवरचा पत्रा वाजतोय. आम्ही फारसं बोलत नव्हतो. "पुढे", "थांबा", "जरा डावीकडे". लग्नानंतर किती गावं झाली आमची. प्रत्येक ठिकाणी तिचं काहीतरी सुरू व्हायचं, शिवणाचा वर्ग, चित्रांची शिकवणी, आणि माझी बदली झाली की थांबायचं. तिने त्याबद्दल तक्रार केल्याचं आठवत नाही. मीही विचारल्याचं आठवत नाही.

शेवटचं वळण झालं त्या दुपारी तिने वाळूचा साप उचलला, तारेवरून बोट फिरवलं, आणि स्वतःशीच बोलावं तसं म्हणाली, "मला वाटतं, मला हे येतं."

असं ती कधी कशाबद्दल म्हणाली नव्हती. तिच्या स्वयंपाकाचं लोकांनी कौतुक केलं तर ती मीठ कमी पडल्याचं सांगायची. शिवलेल्या कुर्त्यात तिलाच चूक दिसायची. 'मला हे येतं' हे वाक्य मी तिच्या तोंडून त्या एकाच वेळी ऐकलं, आणि ते ऐकणारा मी एकटाच होतो. पुढे मी जे केलं ते काय होतं, हे कळण्यासाठी एवढं ध्यानात ठेवा.

शिबिराच्या शेवटी मंडळाच्या सभागृहात ट्रॅक मांडला. लाल आणि पिवळी, अशा दोन गाड्या. बटण दाबलं आणि त्या निघाल्या, सरळ गेल्या, पहिल्या वळणावर हळूच कलल्या, वळल्या. फटीवर किंचित टक झालं आणि पुढे. मुलांनी एकच गिल्ला केला. "अरे, ये तो अपने आप मुड़ रही है!" मोठी माणसंही गुडघ्यांवर बसून तार शोधायला लागली. ती सापडत नव्हती, इतकी लांबी साफ घासलेली होती.

दिघेसाहेबांनी माइक घेतला. माझ्या बोटांत जादू आहे, असं काहीतरी म्हणाले. मग माइक माझ्याकडे देत त्यांनी विचारलं, "बर्वे, एकट्याने केलंत हे सगळं?"

मंदा मागे बायकांबरोबर कागदी प्लेटांत ढोकळा लावत होती. तिने हात थांबवून माझ्याकडे पाहिलं. मला ती दिसत होती.

"थोडी मदत झाली ना," मी म्हणालो. "हिने रंग दिला."

टाळ्या पडल्या. तिच्यासाठीही पडल्या, रंगासाठी.

मी तसं का म्हणालो याचं कारण मी पुष्कळ शोधलं आहे. भीती नव्हती, काही लाभ नव्हता. समोर माणसं माझ्याकडे पाहत होती, निवृत्त झाल्यावर तसं कुणी पाहिलं नव्हतं, आणि त्या क्षणी ते कुणाबरोबर वाटून घ्यावंसं वाटलं नाही. याहून मोठं कारण सापडत नाही, आणि म्हणूनच ते जास्त लाजिरवाणं आहे.

परतताना रिक्षात ती बाहेर बघत होती. मग म्हणाली, "रंग चांगला झालाय, नाही?" आणि तोंडावर पदर घेतला. रस्त्यात धूळ होती, असं मी स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी तिने वाळूचे साप उसवले. रेती कुंड्यांत ओतली, चिंध्या ओटा पुसायला काढल्या. पटाशी डब्यात गेली ती गेली. पुढल्या वर्षी मंडळाने आणखी मोठा ट्रॅक मागितला. मी तिच्याकडे विषय काढला, तर ती सहज म्हणाली, "खाच पाडा तुम्ही. रंग द्यायचा झाला की सांगा." मी मंडळाला कळवलं, की कंबर धरली आहे. त्यानंतर डोळ्यांचं निमित्त झालं, मग पुन्हा कंबरेचं. माझी कंबर मंडळात फार प्रसिद्ध झाली. तो एकच ट्रॅक दर उन्हाळ्यात बाहेर निघत राहिला आणि दर उन्हाळ्यात कुणी ना कुणी नव्या बदलीवाल्याला माझ्याकडे बोट दाखवून सांगत राहिलं, "हे ते बर्वेकाका." मी मान हलवायचो. मंदा बाजूला उभी असायची.

यंदा कडी तापायला लागली त्याच सुमाराला सायली घरी आली. सायली पुण्याची, इथल्या एका संगणक कंपनीत असते, आणि आता मंडळाचं शिबिर तिच्याकडे आहे. स्कूटरवरून आलेली, हातात हेल्मेट, बोलणं पळतं.

"काका, तुमचा ट्रॅक कसला भारी आहे! पण आता वळणावर तार वर आलीये. आपण नवीन करू या ना. मुलांच्याच हातून. वर्कशॉप! तुम्ही फक्त खाच कशी पाडायची ते दाखवा. बाकी मी बघते. आणि त्याला नाव देणार आहोत आम्ही, बर्वेकाका ट्रॅक. मस्त पाटी करू."

मंदा पन्ह्याचे पेले घेऊन आली होती. "दाखवतील की," ती म्हणाली, आणि पेले ठेवून आत गेली.

सायली गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेलो. "मी या वेळी खरं सांगणार आहे," मी म्हणालो.

"कुणाला?"

"सगळ्यांना. ट्रॅक तुझा आहे."

"होता." तिने नळ बंद केला. "आता तुम्हाला हलकं व्हायचंय. व्हा. पण ते माझ्यासाठी करतोय असं म्हणू नका."

"मग तुझ्यासाठी काय करू ते सांग."

"मला कशाला विचारता? तेव्हा विचारलं होतंत?"

ती रागावलेली नव्हती. भाजी महाग झाली हे सांगावं तशा सुरात बोलत होती. राग असता तर मी समजूत काढायला बसलो असतो. पण गप्प बसायचं, हे मी पुष्कळ वर्षं केलं होतं. आता ते करणार नाही, एवढं मी ठरवलं. वर्कशॉपच्या दिवशी ती सभागृहात येईल की नाही याची खात्री नव्हती. आली. मागच्या रांगेत, पंख्याखाली बसली.

मुलं गोल करून बसली होती, पालक भिंतीला लागून. दिघेसाहेब काठी टेकत आले होते आणि पुढच्या खुर्चीवर होते. सायलीने माझी ओळख करून द्यायला सुरुवात केली तेव्हाच मी तिच्याकडून माइक घेतला.

"हा ट्रॅक मी केलेला नाही," मी म्हणालो. "खाच, तार, सगळं माझ्या बायकोने केलं. मी फळी धरली होती. हिने रंग दिला, असं मी तेव्हा इथे सांगितलं. ते खोटं होतं."

मग एका बाजूने "ऑऽऽ" असा लाडिक आवाज आला आणि टाळ्या सुरू झाल्या.

"काका, किती स्वीट!" सायली म्हणाली. "काकू, मला असाच नवरा शोधून द्या बरं का!"

"बर्वेंचा विनय जुनाच आहे," दिघेसाहेब मागे वळून सगळ्यांना म्हणाले. "श्रेय घ्यायचं म्हणून नाही कधी."

मी मंदाकडे पाहिलं. तिचा चेहरा तेव्हा रिक्षात झाला होता तसाच झाला होता. मी खरं बोललो होतो, आणि ते खरंही माझ्याच खात्यात जमा झालं होतं. माणूस एकदा चांगला ठरला की त्याने काही केलं तरी चांगलंच ठरतं. बोलून हे सुटणार नाही, हे मला तिथे उभ्या उभ्या कळलं.

"फळी आण," मी सायलीला म्हणालो. "आणि पटाशी."

मी जमिनीवर बसलो. माझ्या मागून कुणीतरी बाई हळूच म्हणाल्या, "अहो, नका करू. वय झालं, हात थरथरत असेल." ही पळवाट मला नको होती. मी पाण्याचा पेला काठोकाठ भरून घेतला आणि हात लांब करून सगळ्यांसमोर धरला. धरून ठेवला. एक थेंब सांडला नाही.

"हात स्थिर आहे," मी म्हणालो. "मला येत नाही, एवढंच."

आणि मी पटाशी फळीत रोवली. सरळ भागातच पदर फाटला. वळणावर पातं निसटलं आणि रेघ सोडून बाहेर गेलं. मी थांबलो नाही. खपल्या उडत होत्या, फळीवर दात पाडल्यासारखी खाच उमटत होती. मुद्दाम वाईट करत नव्हतो. तशी गरजच नव्हती. जितकं चांगलं करता येईल तितकं मी करत होतो. पुढे बसलेली एक मुलगी, दोन वेण्यांची, वाकून बघत होती. ती अगदी काळजीने म्हणाली, "काका, आपने उल्टा पकड़ा है."

मागच्या रांगेतून आवाज आला. "सुलट धरलं तरी तेच होणार आहे."

काही जण हसले आणि लगेच थांबले, कारण बोलणारी मंदा होती आणि ती हसत नव्हती. आता सगळे तिच्याकडे वळून पाहत होते. सायलीने माझ्या फळीकडे पाहिलं, मग शेजारी मांडलेल्या जुन्या ट्रॅककडे, मग मंदाकडे. तिच्या चेहऱ्यावरचं लाडिक हसू हळूहळू गेलं. तेवढ्यासाठीच मी आलो होतो.

"काकू," ती म्हणाली. आवाज वेगळा होता. "तुम्ही दाखवाल?"

मंदा लगेच उठली नाही. पदर खोचला, सोडला, पुन्हा खोचला. मग पुढे आली. मी पटाशी तिच्यापुढे धरली. तिने ती एखाद्या लहान मुलाच्या हातून घ्यावी तशी घेतली, माझ्याकडे न बघता, आणि पात्याची धार नखावर पाहिली.

"ही फळी वाया गेली. दुसरी आण," ती सायलीला म्हणाली. "खडू आण. कटर आहे का? आणि तू गं, वेण्यावाली, इथे बस. फळी धर. अशी नाही, हात मागे घे, पातं निसटलं तर लागेल."

मला उठावं लागलं. मी भिंतीपाशी जाऊन उभा राहिलो. तिथून मला तिचे हात दिसत नव्हते, पाठ तेवढी दिसत होती आणि तिच्या भोवती सरकत सरकत जवळ आलेली मुलं. थोड्या वेळाने तो बारीक, एका लयीतला आवाज सुरू झाला. कुणीतरी "बाप रे" म्हणालं. "घाई कुणाला आहे?" मंदा सांगत होती. "साल तुटली की थांबायचं. लाकूड सांगतं. नहीं, नहीं, ज़ोर मत लगाओ, बेटा." वेण्यावालीच्या हातात पटाशी गेली, तिच्या हातावर मंदाचा हात. माझ्याकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. असं किती दिवसांनी झालं होतं, आणि मला ते वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कठीण गेलं.

मंदाने मला क्षमा केली आहे का, हे मला माहीत नाही. तिने तसं काही म्हटलेलं नाही आणि मी विचारणार नाही. त्या दिवसापासून ती रोज दुपारी सभागृहात जाते. कधी जेवण झाकून ठेवते, कधी ठेवत नाही.

पण त्या दुपारची एक गोष्ट सांगायची राहिली. दिघेसाहेब काठी टेकत माझ्याजवळ भिंतीपाशी आले. मग माझ्या दंडावर हात ठेवून, आवाज खाली आणून, जुन्या मित्राने म्हणावं तसं म्हणाले, "बर्वे, जाऊ द्या. झालं ते झालं. हे आपल्यातच राहील. मी बाहेर कुणाला बोलणार नाही."

"बोला," मी म्हणालो.

"अं?"

"ज्यांना ज्यांना तुम्ही माझं नाव सांगितलंत, त्या सगळ्यांना सांगा. मंदाकिनी बर्वे, असं पूर्ण नाव सांगा."

"अहो, पण आता या वयात, उगाच..."

त्यांचा मोबाइल त्यांच्या सदऱ्याच्या खिशात होता. मी तो काढला आणि त्यांच्या हातात दिला.

"आधी इंदूरला तुमच्या भावाला लावा," मी म्हणालो. "त्यांना तुम्ही खास बोलावून ट्रॅक दाखवला होतात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे. चष्मा कपाळावरून खाली घेतला आणि नंबर शोधायला लागले. पलीकडून कुणी उचलेपर्यंत मी तिथून हललो नाही.